प्रतिकार आहे

इस्पितळात पेढे कुठे कुठे जातात, हे मला विचारा. बाळंतपणाचे पेढे नर्सबाईंच्या टेबलावर जातात. ऑपरेशन पार पडलं की सर्जनच्या खोलीत जातात. घरी निघालेला पेशंट वॉर्डबॉयच्या हातावर पेढा ठेवतो, फाटकावरच्या दारवानाला देतो, घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्यालाही देतो. प्रयोगशाळेत पेढा येत नाही. आमच्याकडे येतं ते रक्त, थुंकी, पू, लघवी आणि शौच, आणि तेही लोक तोंड फिरवून आणून देतात. सोलापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी उभी हयात काढली. एवढ्या वर्षांत पेढ्यांचा पुडा आमच्या खिडकीतून आत आला तो एकदाच. त्या पुड्याबद्दल लिहायला बसलोय. संपादकांनी कामातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. ते आधी सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायची इच्छा राहणार नाही.

मी मूळचा केमचा. आमच्या गावचं कुंकू लांबलांबच्या बाजारांत जातं. माझे वडील ते टोपलीतून आठवडे-बाजारांना नेऊन विकत आणि शाळेला सुट्टी असली की मी बरोबर असे. कुंकू घेणारी बाई चिमूटभर जास्त मिळावं म्हणून दुकानापुढून तीनदा उठून जाते आणि तीनदा परत येते. तिच्यापुढे जो टिकला, तो पुढे कुणापुढेही टिकतो. मी टिकलो. इस्पितळात बाटल्या धुवायला लागलो, धुता धुता शिकलो, तंत्रज्ञाची परीक्षा दिली आणि खुर्ची मिळवली. काही फुकट मिळालं नाही, म्हणून काही मुकाट्यानं घ्यायची सवयही लागली नाही. माझं आडनाव खटके. त्यावर जो विनोद व्हायचा तो इस्पितळातल्या प्रत्येकानं एकेकदा केलेला आहे आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटलेलं आहे.

घासाघीस करायची माझी सवय कुठल्या थराला गेली होती ते सांगतो. टायफॉइडचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुदतीच्या तापाचे जंतू रक्तातून वाढवायचे तर त्यांना पित्त लागतं. त्या पित्तात बाकीचे पुष्कळ जंतू मरतात आणि हे मजेत वाढतात. विकतचं पित्त परवडत नसे, म्हणून मी खाटीकखान्यात कादरभाईंकडे जायचो आणि रेड्याचं पित्त आणायचो. कादरभाई ते नाहीतरी फेकूनच देत. तरी मी म्हणायचो, हे पातळ आहे, कालचं दिसतंय, बरोबर अजून एक पिशवी द्या. कादरभाई सुरी खाली ठेवून म्हणायचे, "क्या खटकेसाब, फोकट में देरा तो भी भाव करते?" मी म्हणायचो, फुकटचं म्हणून खराब घ्यायचं का? ते मान हलवायचे आणि अजून एक पिशवी द्यायचे.

आता काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रोग्याचं रक्त पित्ताच्या बाटलीत घालून उबदार पेटीत ठेवायचं. जंतू असतील तर वाढतात. मग ते काचेच्या बशीत, खळीसारख्या थरावर पसरायचे आणि वर टिपकागदाच्या बटणाएवढ्या चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची पातळ साय धरते. ज्या चकतीभोवती स्वच्छ, गोल, मोकळी जागा राहते, ते औषध त्या जंतूला मारतं. ज्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढतात, त्या औषधाला तो जंतू दाद देत नाही. डॉक्टरांच्या इंग्रजीत पहिल्याला 'सेन्सिटिव्ह' म्हणतात आणि दुसऱ्याला 'रेझिस्टन्ट'. एवढंच काम. पण कुठलं औषध चालणार नाही हे आधी कळणं म्हणजे पेशंटचे फुकट जाणारे दिवस वाचणं, आणि मुदतीच्या तापात ते दिवसच महत्त्वाचे असतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तापाला क्लोरॅम्फेनिकॉल हे हुकमी औषध होतं. दिलं की ताप उतरणार, याबद्दल कुणी शंका घेत नसे. मग दुष्काळ सरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मला बशीत जंतू त्या चकतीला खेटून वाढलेले दिसले. मी थेट चकत्या पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, शिळा माल देतोस म्हणून त्याला झाडलं. परत आलो तेव्हा करंदीकरबाई शांतपणे म्हणाल्या, "खटके, त्याच चकत्या आपल्याकडच्या जुन्या, ओळखीच्या जंतूवर ठेवून बघा." बघितल्या. जुना जंतू मुकाट मेला. चकत्या ताज्या होत्या. बदलला होता तो जंतू.

करंदीकरबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर. पुण्याहून आलेल्या, हलक्या आवाजात बोलणाऱ्या, कधी रागावलेल्या न दिसलेल्या. त्यांच्याशी माझं एक जुनं भांडण होतं, म्हणजे माझ्या बाजूनं होतं. बशी मी बघायचो, जंतू मी ओळखायचो, रिपोर्ट मी लिहायचो आणि खाली सही त्यांची असायची. मी एकदा सरळ म्हणालो, "बाई, 'तपासणारा: ना. खटके' एवढं तरी खाली छापा." त्या म्हणाल्या, "नियमात बसत नाही, खटके." एवढंच. भांडल्या असत्या तर मी भांडलो असतो. ज्या माणसाला आवाज चढवता येत नाही त्याच्याशी घासाघीस कशी करायची, हे मला कुठल्याच बाजारात कुणी शिकवलं नव्हतं. ते वाक्य मी मनात ठेवून दिलं.

नाव नाही तर नाही, निदान भाषा तरी आपली, असं माझ्या डोक्यात बसलं. रिपोर्ट इंग्रजीत असायचे. नातेवाईक खिडकीशी यायचे, कागद उलटासुलटा धरायचे आणि विचारायचे, "काय आलंय ओ?" डॉक्टरांना विचारायची त्यांना भीती वाटे. मी बाईंच्या मागे लागलो की जंतूंचा रिपोर्ट मराठीत द्यायचा. त्या म्हणाल्या, "'रेझिस्टन्ट'ला काय म्हणाल?"

"प्रतिकार. वर्तमानपत्रात येतो की शब्द."

"जरा पुस्तकी होतोय का?"

मला झोंबलं. "का बाई? पुस्तकातले शब्द तुम्हीच वापरायचे? आम्ही केमच्या माणसांनी वापरले की पुस्तकी?"

त्या म्हणाल्या, "करा."

नवी पेठेतल्या शिक्केवाल्याकडून मी दोन रबरी शिक्के कोरून घेतले. एक 'प्रतिकार आहे', दुसरा 'प्रतिकार नाही'. रिपोर्टात प्रत्येक औषधाच्या नावापुढे यातला एक मारायचा. 'आहे'ला लाल शाई, 'नाही'ला निळी. लाल म्हणजे धोका, हे इस्पितळात सगळ्यांना ठाऊक असतं. मी कुंकवाच्या घरात वाढलेला माणूस. लाल रंग दारात, कपाळावर, नव्या वहीवर कशासाठी लावतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मला ते आठवलं नाही.

शिक्के सुरू झाले आणि मी खूश होतो. एकदा शहराच्या पूर्वभागातली, विणकरांच्या वस्तीतली एक बाई खिडकीशी आली, तिच्या नवऱ्याच्या पायाच्या जखमेचा रिपोर्ट घेऊन. घरात तेलुगू बोलणारी, मराठी जरा अडखळत. म्हणाली, "साहेब, शेजारच्या खाटेला चार लाल आले. आमच्या मालकांना एकच लाल. तुम्ही नीट बघितलं नाही."

"एकच आलाय हे चांगलं आहे बाई."

"चांगलं कसं? त्यांची माणसं हसतात आम्हाला. अजून एक तरी लाल मारून द्या की."

मी हसलो. संध्याकाळच्या चहाला ही गंमत मी सगळ्यांना सांगितली, बाईंनाही सांगितली. बाई हसल्या नाहीत, कपाळाला आठी घालून काहीतरी विचार करत राहिल्या. मला वाटलं, यांना विनोद कळत नाही. शेजारच्या खाटेवर चार लाल शिक्के मिरवणारी माणसं काय समजून मिरवत होती, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

आणि मग बाळू आला. टेंभुर्णीचा पैलवान. मुदतीच्या तापानं आठवडाभर तापलेला, तरी खाटेवर मावत नव्हता. बरोबर त्याची आई आणि चुलता. चुलता म्हणजे ज्ञानू वस्ताद, गावची तालीम त्यांचीच. क्लोरॅम्फेनिकॉल चालू होतं आणि ताप जागचा हलत नव्हता. त्याच्या रक्तातून जंतू वाढला, चकत्या ठेवल्या, आणि जी भीती होती तेच झालं. क्लोरॅम्फेनिकॉलला जंतू खेटून. टेट्रासायक्लिनला खेटून. स्ट्रेप्टोमायसिनला खेटून. फक्त अ‍ॅम्पिसिलिनच्या चकतीभोवती छान रुंद मोकळी जागा होती. म्हणजे पोरगा वाचवायचा तर अ‍ॅम्पिसिलिन द्यायचं आणि लगेच द्यायचं. मी तीन लाल आणि एक निळा शिक्का मारला, बाईंनी सही केली. एक प्रत वॉर्डात गेली, एक वस्तादांनी खिडकीतून नेली. डॉक्टरांची फेरी दुपारनंतर असायची.

दुपारी वस्ताद पुन्हा खिडकीशी आले. डोक्याला तांबडा पटका, कान मोडलेले, हातात पुडा.

"खटकेसायेब कोन?"

"मीच."

"घ्या. त्वांड ग्वाड करा."

"मला? डॉक्टरांची खोली पलीकडे आहे."

"डाक्टर ऱ्हाऊ द्या की. शिक्का कुनाचा हाय?"

"शिक्का माझाच."

"मंग पेढा बी तुमचाच. लई धीर आला बगा तुमच्या कागदानं. वाघ हाय का न्हाय आमचं पोरगं?"

"दणकट आहे," मी म्हणालो, तोंडात पेढा धरून.

"आता तुमीच म्हनलासा." वस्तादांनी हात जोडले आणि गेले.

मी दुसरा पेढा खाल्ला. पेढा कशाचा, हे विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही म्हणावं तर ते खरं नाही. एवढ्या वर्षांनी कुणीतरी डॉक्टरांची खोली सोडून माझ्या खिडकीशी आलं होतं. विचारलं तर पेढा परत जाईल की काय, अशी काहीतरी पोरकट भीती मला वाटली असावी.

करंदीकरबाई बाहेर आल्या. "पेढे कसले, खटके?"

"टेंभुर्णीच्या पैलवानाचे. वस्तादांनी आणून दिले. मला." 'मला' मी जरा जोरातच म्हणालो.

त्यांनी पेढ्याला हात लावला नाही. "पण त्याचं नवं औषध अजून सुरू झालेलं नाही. ताप तसाच आहे. मग पेढे कशाबद्दल?"

माझ्या तोंडात अजून वेलदोड्याची चव होती. मी वॉर्डाकडे पळालो. खाट रिकामी होती आणि नर्सबाई चादर काढत होत्या. म्हणाल्या, "नेलं त्यांनी. मी म्हणाले, फेरी होऊ द्या. ऐकेनात. म्हणाले, रिपोर्टात लिहून आलंय, पोराला प्रतिकार आहे, आता घरी नेऊन खुराक देतो. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही केली."

प्रतिकार आहे. वर्तमानपत्रात येतो तो शब्द. तिथे तो माणसाच्या अंगातल्या ताकदीबद्दल येतो. रोगाचा प्रतिकार करणारी शक्ती. मी तो उचलला आणि न सांगता जंतूला लावला.

परत येऊन मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता तरी त्या म्हणतील की मी सांगत होते. म्हणाल्या नाहीत. कपाटातून अ‍ॅम्पिसिलिनच्या कॅप्सूल काढून माझ्या हातात दिल्या. "तुम्ही जा. समजूत घालणं, घासाघीस करणं तुम्हाला येतं, मला येत नाही. औषध त्याच्या पोटात गेल्याशिवाय परत येऊ नका. आणि खुराक बंद करा. या तापात आतडं हुळहुळं झालेलं असतं. जड अन्नानं फाटतं."

टेंभुर्णीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तालीम आणि वस्तादांचं घर एकाच अंगणात. बाळू घोंगडीवर उताणा पडलेला, डोळे तापानं चकाकत होते. उशाशी दुधाचा तांब्या आणि मटणाच्या रश्श्याची रिकामी वाटी. तालमीतली पोरं लाल मातीत बसून त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. समोर मारुतीच्या मूर्तीपाशी माझा कागद ठेवला होता. त्यावर फूल होतं आणि कडेला कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. माझ्या तीन लाल शिक्क्यांशेजारी ते असं शोभत होतं की जणू चौथा शिक्काच.

"या, या सायेब," वस्ताद उठले. "पोरगं घरी आलं तसं निम्मं बरं झालं."

"वस्ताद, गैरसमज झालाय. तो रस्सा आधी बंद करा. प्रतिकार बाळूला नाही, जंतूला आहे."

"जंतूला?" त्यांनी मारुतीपुढचा कागद उचलला, चष्मा लावला. "कागदावर नाव कुनाचं हाय? बाळूचं का जंतूचं?"

पोरं हसली. मी कॅप्सूल पुढे केल्या. "नाव बाळूचंच असतं. ऐका. हे औषध आत्ता द्यायचं. अ‍ॅम्पिसिलिन."

वस्तादांनी नाव ऐकलं, कागदावर बोट फिरवत खाली आले आणि निळ्या शिक्क्यावर थांबले. त्यांचा आवाज बदलला. "तीन औषदांस्नी पोरानं चीत केलं. ह्या चवथ्याला प्रतिकार नाही, आसं तुमीच लिवलंय. आन् नेमकं त्येच घिऊन आलाय व्हय? ह्यानं पोरगं आडवं व्हईल की."

मला तिथे एकच गोष्ट करायची होती. चुकलो म्हणायचं, हात जोडायचे. बाजारात मी कितीतरी वेळा खोटे हात जोडले होते, समोरच्याला खूश करायला. खरे जोडायची वेळ आली तेव्हा मी माझा शिक्का बरोबर आहे हे सिद्ध करायला लागलो. बशी, चकत्या, मोकळी जागा, सगळं सांगू लागलो आणि आवाज चढत गेला. शेवटी म्हणालो, "मराठी वाचता आलं म्हणजे अर्थ कळतोच असं नाही. तुमच्यासारख्या अडाणी माणसांसाठी मी भांडून हे मराठीत करून घेतलं."

वस्ताद शांतपणे म्हणाले, "अडानी हाय म्हून मराठीत लिवलं न्हवं? मंग अडान्याला कळंल आसं लिवायचं की. आन् दुपारी आमचा पेढा खाल्ला तुमी. तवा का न्हाय म्हनला, वस्ताद, गैरसमज झालाय?"

वस्तादांनी कागद पुन्हा मारुतीपुढे ठेवला आणि पाठ फिरवली. मी हातात कॅप्सूल घेऊन तसाच उभा होतो. जावं की थांबावं कळत नव्हतं. औषध पोटात गेलं नव्हतं.

तेव्हा दारातून बाळूची आई पुढे आली. "भावजी, जरा गप ऱ्हावा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सायेब, मला शिक्का वाचता येत न्हाय. दवाखान्यात सुया चालू हुत्या, त्ये औषद लागू पडत न्हवतं, व्हय?"

"होय."

"आन् हे लागू पडंल?"

"पडेल, माउली."

"मंग यवढंच लिवायचं की, लागू पडंल आन् लागू पडनार न्हाय. त्येला प्रतिकार कशाला पायजे?"

लागू पडणं. माझी आई म्हणायची ते. केममधली, सोलापुरातली, कादरभाईंच्या खाटीकखान्यातली, पूर्वभागातली, सगळी माणसं म्हणतात ते. औषध लागू पडलं, औषध लागू पडत नाही. मी माणसांसाठी मराठी शब्द शोधायला निघालो आणि जो त्यांच्या तोंडात होता तो सोडून वर्तमानपत्रातला घेऊन आलो. बाई म्हणाल्या होत्या, पुस्तकी होतोय का.

तिनं कॅप्सूल माझ्या हातातून घेतली, रश्श्याची वाटी आणि दुधाचा तांब्या बाजूला सारला आणि पाण्याबरोबर त्याला दिली. वस्ताद मारुतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी अडवलं नाही आणि वळूनही पाहिलं नाही.

सकाळी बाळूच्या पोटात कळ उठली. पोट फळीसारखं ताठ झालं. कांद्याच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर घोंगडी टाकून, त्याला सोलापूरला आणलं. आतड्याला भोक पडलं होतं. ऑपरेशन झालं. नंतर पुष्कळ दिवस तो जगतो की जातो अशा अवस्थेत होता. मी रोज वॉर्डाच्या दारापर्यंत जायचो आणि त्याच्या आईचा चेहरा बघून परत यायचो. ताप शेवटी त्या चौथ्या औषधानंच उतरला. पण ते जायला हवं होतं त्यापेक्षा उशिरा गेलं होतं आणि त्याच्या आधी मटणाचा रस्सा गेला होता. सर्जननी सांगितलं की जगेल, पण कुस्तीचं नाव काढायचं नाही.

घरी जायच्या दिवशी तो स्वतः चालत माझ्या खिडकीशी आला. पैलवानाचा सदरा अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. म्हणाला, "सायेब, तीन औषदं आन् चवथा तुमचा शिक्का. चौघांस्नी पुरून उरलो का न्हाय?" आणि पोटावर हात दाबून हसला, कारण हसताना टाके दुखत होते. त्याच्या मनात काही नव्हतं. मला हसता आलं नाही.

वस्तादांच्या मनात होतं. त्यांनी तो कागद, कुंकवाच्या बोटासकट, विश्वस्तांपुढे नेऊन ठेवला. मला आणि बाईंना बोलावणं आलं. चेअरमन व्यापारी गृहस्थ, घाईत असलेले. त्यांनी कागद फडकवून विचारलं, "हे कुणाचं?"

मी तोंड उघडलं होतं. शिक्के माझे, शब्द माझा, शाईचा रंगही माझा. पण त्यांचा अंगठा कागदाच्या तळाशी होता आणि तिथे माझं नाव नव्हतं. मी इतकी वर्षं जे मागत होतो आणि मिळत नव्हतं, ते तिथे नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

करंदीकरबाई म्हणाल्या, "सही माझी आहे. जबाबदारी माझी."

चेअरमन त्यांना पुष्कळ बोलले. पुण्याहून आलेल्यांना इथल्या माणसांची भाषा कळत नाही, असंही बोलले. वस्ताद एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा बाईंकडे. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी तेही काही बोलले नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं. माझं तोंड उघडं होतं ते मी मिटलं.

बाहेर जिन्यात मी म्हणालो, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"नियमात बसत नाही, खटके," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं, रडता आलं असतं, निदान नोकरी सोडतो म्हणता आलं असतं. त्यांनी त्यातलं काहीच करू दिलं नाही. ही तक्रार मी अजून करतो आणि ती किती निर्लज्ज आहे हे करताना मला कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग, नवा शब्द काय घ्यायचा?" इंग्रजीवर परत जायचा हुकूम होईल असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी मराठी सोडलं नव्हतं. मी बाळूच्या आईचा शब्द सांगितला. 'औषध लागू पडेल', 'औषध लागू पडणार नाही'. शाई दोन्हीला एकच, काळी. बाईंनी तो दोनदा मनाशी म्हणून पाहिला. "छान आहे. साधा आहे." मग टेबलावरचे कागद सरळ करत म्हणाल्या, "मी नियमाचं बघते. आता खाली तुमचं नाव घालायचं का?"

त्या टोमणा मारत होत्या की मनापासून विचारत होत्या, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही. टोमणा मारणं त्यांना येत नव्हतं, म्हणून मनापासूनच असावं. तेच जास्त लागतं.

"नको, बाई," मी म्हणालो.

नवी पेठेत शिक्केवाल्यानं जुने दोन शिक्के हातात घेऊन बघितले. म्हणाला, मुठी चांगल्या आहेत, नुसतं रबर बदलून देतो, स्वस्तात पडेल. तो माझ्या घासाघिशीची वाट बघत थांबला होता.

मी म्हणालो, "मुठीसकट नवे करा. काय होईल ते सांगा."

त्यानं सांगितलं. मी दिलं.